औषध जाळीत होतं, डासाला लागत नव्हतं: पापुआ न्यू गिनीतल्या मच्छरदाण्यांचं प्रकरण

२००८ साली पापुआ न्यू गिनीत शंभरातल्या सरासरी सोळा माणसांच्या रक्तात मलेरियाचे जंतू सापडत. २०१४पर्यंत हे प्रमाण शंभरात एकावर आलं. मलेरियाच्या कामात असे आकडे आयुष्यात एखाद्या वेळीच पाहायला मिळतात. आणि २०१५पासून ते पुन्हा चढू लागले. या सगळ्या काळात औषधभारित मच्छरदाण्यांचं वाटप सुरूच होतं.

हे असं का झालं, याचा शोध हेच हे प्रकरण. कंपनी, अधिकारी आणि संशोधक यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. देश लपवण्यात अर्थ नाही, कारण तिथले आकडे २०२० साली 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहेत. मी कीटकशास्त्राच्या अंगाने हिवतापाच्या कामाकडे पाहणारा माणूस आहे. हे प्रकरण मला आपल्याकडच्या कामासाठीही फार मोलाचं वाटतं.

पार्श्वभूमी

पापुआ न्यू गिनी म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेचा डोंगराळ, दलदलीचा, आठशेहून अधिक भाषा बोलणारा देश. आफ्रिकेबाहेर मलेरियाचा संसर्ग सर्वाधिक आहे तो इथे. समुद्रसपाटीपासून साधारण १६०० मीटरच्या वर थंडीमुळे मलेरिया कमी होतो, खाली मात्र फॅल्सिपेरम आणि व्हायवॅक्स हे दोन्ही जंतू वर्षभर असतात. कित्येक गावांना रस्ता नाही. मच्छरदाण्यांचे गठ्ठे होडीने, छोट्या विमानाने आणि शेवटी माणसांच्या पाठीवरून पोचतात. ग्लोबल फंड या आंतरराष्ट्रीय आरोग्य निधीच्या पैशातून हे काम दर तीनेक वर्षांनी पुन्हा करायचं, असा कार्यक्रम आहे. एवढ्या कष्टाने पोचवलेली वस्तू खरी निघायला हवी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

औषधभारित मच्छरदाणी दोन कामं करते. आत झोपलेल्याला आडोसा देते, हे सगळ्यांना दिसतं. दुसरं काम दिसत नाही: रक्ताच्या ओढीने जाळीवर येऊन बसलेला डास तिथेच औषध घेऊन मरतो. गावात पुरेशा मच्छरदाण्या असतील तर डासांचं आयुष्य सरासरीने घटतं. मलेरियाच्या जंतूला डासाच्या पोटात वाढायला दहा-बारा दिवस लागतात, तेवढे दिवस डास जगलाच नाही तर शेजारच्या बिनमच्छरदाणीच्या घरालाही संरक्षण मिळतं. आफ्रिकेत २००० ते २०१५ या काळात मलेरियाचे जेवढे रुग्ण टळले, त्यातले ६८ टक्के या मच्छरदाण्यांमुळे टळले असा अंदाज आहे. त्यात मोठा वाटा या दुसऱ्या, न दिसणाऱ्या कामाचा.

इथे वाटल्या जाणाऱ्या मच्छरदाण्या पॉलिएस्टरच्या होत्या. धाग्यावर डेल्टामेथ्रिन या पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकाचा लेप, चौरस मीटरला ५५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने. अशी मच्छरदाणी वीस धुण्यांनंतरही चालावी असा दंडक आहे. म्हणजे वरचं औषध धुऊन गेलं की लेपातून आणखी औषध पृष्ठभागावर यायला हवं. औषध धरून ठेवायचं आणि थोडंथोडं सोडतही राहायचं, ही दोन्ही कामं लेपाचीच. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं प्रकरण याच लेपापाशी येऊन थांबतं.

अडचण, आणि संशय कोणावर

रुग्ण वाढू लागले की पहिला संशय लोकांवर जातो. हे मी आपल्याकडेही इतक्या वेळा पाहिलंय की मला आता त्याचा त्रास होतो. 'लोक मच्छरदाणी लावतच नाहीत', 'मासे धरायला वापरतात', 'भाजीच्या वाफ्याला कुंपण करतात'. कुठे कुठे हे घडतंही. पण सहा वर्षं ज्या लोकांनी मच्छरदाणी लावून मलेरिया शंभरात एकावर आणला, तेच लोक एका वर्षात बदलले, हे सहज पटण्यासारखं नाही.

दुसरा संशय डासांवर. मलेरिया पसरवणारा तिथला एक मुख्य डास म्हणजे ॲनॉफिलिस फराउटी. हा डास संध्याकाळी लवकर, घराबाहेरच चावू शकतो, आणि मच्छरदाण्या आल्यावर तिथल्या डासांची चावण्याची वेळ अलीकडे सरकल्याच्या नोंदी आहेत. माणसं जेवत-बोलत ओट्यावर बसलेली असताना डास चावून गेला तर आतली मच्छरदाणी काय करणार? हा मुद्दा खरा आहे. डासांना औषधाची सवय झाली का, म्हणजे प्रतिकारशक्ती आली का, हाही प्रश्न होता. पण तपासण्यांत तिथले ॲनॉफिलिस डास पायरेथ्रॉइडला बळी पडत होते. आफ्रिकेतल्या कित्येक डासांत आणि आपल्याकडच्या ॲनॉफिलिस क्युलिसिफेसीस या मलेरिया पसरवणाऱ्या डासात जशी प्रतिकारशक्ती आली, तशी तिथे आलेली नव्हती.

तिसरा संशय व्यवस्थेवर: निधी, रुग्णांच्या औषधांचा तुटवडा, मलेरियाच्या झटपट तपासणीचं रॅपिड किट वेळेवर न पोचणं. यातही तथ्य असू शकतं.

मच्छरदाणीवर मात्र संशय सगळ्यात शेवटी गेला. त्याचं कारण साधं आहे. ती मान्यताप्राप्त होती, जगभर वापरली जात होती, आणि प्रत्येक खेपेबरोबर तपासणीचा कागद येत होता. जिथे शिक्का असतो तिथे आपण पाहायचं सोडून देतो. या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण मला हाच वाटतो: कोणीतरी शिक्का बाजूला ठेवून प्रत्यक्ष मच्छरदाणी डासांपुढे धरायचं ठरवलं.

पर्याय

नवीन, न वापरलेली मच्छरदाणी तपासायची तर दोन वाटा होत्या.

एक, जाळीचे तुकडे रसायनशाळेत पाठवून डेल्टामेथ्रिन किती आहे ते मोजायचं. ही सोयीची पद्धत आहे. नेमका आकडा येतो, ठरलेल्या प्रमाणाच्या २५ टक्के वर-खाली चालतं, आणि त्या चौकटीत आकडा बसला की माल पास. जहाजावर चढण्याआधीची तपासणी मुख्यतः अशीच होते: औषधाचं प्रमाण, जाळीची मापं, धाग्याची ताकद.

दोन, डासांवर तपासायचं. यासाठी डासांची पैदास हवी, ती वर्षानुवर्षं सांभाळणारी माणसं हवीत, ठराविक तापमान आणि दमट हवा राखणारी खोली हवी. आकडा थोडा इकडेतिकडे होतो. वेळ लागतो. म्हणून खरेदीच्या साखळीत ही तपासणी नेहमीची राहिलेली नाही.

निवड दुसऱ्या वाटेची झाली. ती होऊ शकली कारण देशात फराउटी डासांची पैदास सांभाळलेली होती. बाहेरच्या देशात नमुने पाठवून, तिथल्या डासांवर, तिथल्या रांगेत थांबून हे काम करायचं झालं असतं तर ते किती मच्छरदाण्यांवर झालं असतं, कोण जाणे.

कोन चाचणी

ही चाचणी कशी दिसते ते सांगतो, कारण निकालाचं वजन त्याशिवाय कळत नाही. मच्छरदाणीचा हातरुमालाएवढा तुकडा कापून फळीवर ताणून बसवतात. त्यावर प्लॅस्टिकचा पारदर्शक, शंकूच्या आकाराचा कोन उपडा ठेवतात, चहाच्या गाळणीपेक्षा थोडा मोठा. दोन ते पाच दिवस वयाच्या, रक्त न प्यायलेल्या पाच माद्या सक्शन ट्यूबने हळूच ओढून कोनाच्या वरच्या भोकातून आत सोडायच्या आणि भोक कापसाने बुजवायचं. ट्यूब तोंडाने ओढायची असते. जोर जास्त लागला तर डासाचे पाय तुटतात आणि चाचणी तिथेच बाद. चांगल्या कीटक समाहारकाचा, म्हणजे डास पकडून गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्याचा, श्वास म्हणूनच मोजका असतो.

तीन मिनिटं. मग त्याच माद्या काढून कागदी कपात, वर साखरेच्या पाण्याचा बोळा. एका तासाने मोजायचं: किती उताण्या पडल्या, पाय वर करून नुसत्या थरथरतायत. चोवीस तासांनी पुन्हा मोजायचं: किती मेल्या. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष असा, की तासाभरात किमान ९५ टक्के डास पडलेले असावेत किंवा चोवीस तासांत किमान ८० टक्के मेलेले असावेत. दोन्हींपैकी एक जमलं तरी जाळी पास.

चांगल्या नव्या जाळीवर हे पाहताना उत्कंठा अशी नसतेच. कप हातात घेतला की तळाशी पाचही डास निपचित. म्हणूनच एक तासानंतर कपाच्या भिंतीवर डास निवांत बसलेले दिसले की माणूस आधी स्वतःवरच शंका घेतो. तुकडा साध्या जाळीचा तर लागला नाही? लेबल बदललं का?

तपासाची रचना आणि निकाल

इथे संशोधकांनी दोन गोष्टी फार नीट केल्या.

पहिली, डास निवडले ते पायरेथ्रॉइडला पूर्ण बळी पडणारे, पाळलेल्या पैदाशीतले. यावर कोणी म्हणेल, गावातले खरे डास का नाही घेतले? पण प्रश्न जाळीचा होता. कमजोर डासही जाळीवर मेला नाही, तर दोष डासाकडे ढकलायला जागा उरत नाही.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त भावली. त्यांनी जुन्या मच्छरदाण्याही तपासल्या. वाटप करणाऱ्यांकडच्या आणि गावांतून गोळा केलेल्या, कधीच न वापरलेल्या. काही घरांत मिळालेली मच्छरदाणी कधीच लावली जात नाही, तशीच पडून राहते. एरवी हा वाटपाचा दोष म्हणून अहवालात लिहिला जातो. इथे त्याच न वापरलेल्या मच्छरदाण्या पुरावा झाल्या. त्या नसत्या तर तुलनेला काहीच नव्हतं.

२०१३च्या आधी बनलेल्या २५ मच्छरदाण्या तपासल्या. पंचवीसच्या पंचवीस पास. २०१३ ते २०१९ या काळात बनलेल्या १६७ तपासल्या. त्यातल्या फक्त १७ टक्के पास.

या एका तुलनेने बऱ्याच शंका मिटतात. कंटेनरमधल्या उन्हाने औषध गेलं असेल का? जुन्या मच्छरदाण्याही त्याच समुद्रातून, त्याच उन्हातून आल्या होत्या, शिवाय गावात कितीतरी वर्षं जास्त पडून होत्या. तरी त्या डास मारत होत्या. साठवण वाईट होती का? तोच मुद्दा. चाचणी करणाऱ्यांचा हात चुकला का? त्याच हातांनी जुन्यांवर शंभर टक्के निकाल दिला होता.

मग दोष कुठे होता

औषधाचं प्रमाण मोजलं तेव्हा ते बऱ्याच अंशी ठरलेल्या चौकटीत निघालं. म्हणजे कागद खोटा नव्हता. औषध जाळीत होतं. फक्त ते डासाच्या पायाला लागेल अशा ठिकाणी, पृष्ठभागावर पुरेसं नव्हतं.

पुढच्या तपासात बोट गेलं ते लेपाकडे. २०१३च्या सुमारास औषध धरून ठेवणाऱ्या लेपाचं मिश्रण बदललं होतं, आणि मच्छरदाण्यांचा परिणाम घसरण्याचा काळही तोच. औषध तेच, प्रमाण तेच, बाहेरून जाळी तीच, पिशवीवरचं नावही तेच. कंपनीने मात्र मलेरिया वाढण्याचं खापर आपल्या मच्छरदाण्यांवर फोडणं मान्य केलं नाही आणि आपला माल मानकांत बसत असल्याचं सांगितलं. संशोधकांचा दावाही तोलून मांडलेला होता: कमी झालेला परिणाम हे या उलटफेरामागचं एक कारण आहे. एकमेव कारण, असं त्यांनी म्हटलेलं नाही. डासांची बदललेली वेळ आणि इतर अडचणी यांचा वाटा किती, हे या चाचणीतून वेगळं काढता येत नाही, आणि मी तसा प्रयत्नही करणार नाही.

पण एक गोष्ट स्पष्ट आहे. मानक जे मोजत होतं, ते पाळलं गेलं. मच्छरदाणीने जे करायचं होतं, ते झालं नाही. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, तर मानकाचीच तपासणी व्हायला हवी.

सांगायचं की थांबायचं

असा निकाल हाती आला की पुढे काय, हा या प्रकरणातला सगळ्यात अवघड क्षण. ज्याने कधी गावात आरोग्य शिक्षणाचं काम केलं आहे, त्याला हा पेच कळेल. 'मच्छरदाणीतलं औषध काम करत नाही' हे वाक्य गावात पोचलं की लोक ऐकतात ते 'मच्छरदाणी काम करत नाही'. आणि ते खरं नाही. औषध नसलेली, पण न फाटलेली, गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणीही माणसाला वाचवते. उद्या चांगला लॉट आला तरी गेलेला विश्वास परत येत नाही.

दुसऱ्या बाजूला, गप्प बसायचं म्हणजे पुढची लाखो नगांची मागणीही त्याच मालाची होणार. आणि इतर देशांतही हाच माल जात होता, त्यांना सावध व्हायची संधीच मिळणार नाही.

निकाल आकड्यांसह प्रसिद्ध झाले, आणि निष्कर्षात मागणी केली गेली ती मच्छरदाण्यांच्या दर्जावर अधिक कडक नजर ठेवण्याची. मला हा निर्णय बरोबर वाटतो. मात्र आपल्याकडे अशी वेळ आली तर गावासाठीचा निरोप त्याच दिवशी तयार हवा, स्थानिक बोलीत, आशाताईंच्या तोंडी बसेल असा: 'मच्छरदाणी लावतच राहा, औषधाचं आम्ही बघतो.' हा निरोप आधी आणि बातमी नंतर, या क्रमाने.

परिणाम

प्रकरणाने जगभरातल्या कार्यक्रमांना एक गैरसोयीचा प्रश्न विचारला: मान्यता मिळाल्यानंतर मच्छरदाणीवर डास कोण सोडतं? १९६० पासून कीटकनाशकांचं मूल्यमापन करणारी जागतिक आरोग्य संघटनेची जुनी योजना जाऊन २०१७ साली ते काम तिच्याच प्रीक्वालिफिकेशन, म्हणजे खरेदीआधी उत्पादन पारखणाऱ्या, विभागाकडे आलं होतं. तिथे कारखाना आणि उत्पादनाची प्रक्रिया यांकडे लक्ष देण्याची रचना आहे. लेपातला बदल, पृष्ठभागावर येणारं औषध, धुतल्यावर ते पुन्हा वर यायला लागणारा वेळ, या गोष्टींची चर्चा आता बरीच पुढे आली आहे. लिव्हरपूल स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधला 'इनोव्हेशन टू इम्पॅक्ट' हा गट चाचण्यांच्या पद्धतींवरच काम करतो, म्हणजे दोन प्रयोगशाळांनी एकच जाळी तपासली तर उत्तरही एकच यावं यासाठी.

इथे नव्या साधनांचा विषय येतो, आणि तो दर्जापासून वेगळा काढता येत नाही. पायरेथ्रॉइडबरोबर क्लोरफेनॅपिर असलेली मच्छरदाणी घ्या. टांझानियातल्या मोठ्या चाचणीत, जिथे डास पायरेथ्रॉइडला दाद देत नव्हते, दोन वर्षांनी साध्या औषधभारित मच्छरदाणीच्या गावांतल्या ४५.८ टक्के मुलांमध्ये मलेरिया सापडला आणि क्लोरफेनॅपिरच्या गावांत २५.६ टक्के. मार्च २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा मच्छरदाण्यांची शिफारस केली. पण क्लोरफेनॅपिर डासाच्या शरीरात गेल्यावर आधी रूप बदलतं आणि मग पेशींतली ऊर्जा तयार होणं बंद पाडतं. डास लगेच पडत नाही. तीन मिनिटांच्या कोन चाचणीत आणि तासाभराच्या मोजणीत हे औषध नापासच दिसेल. त्याला रात्रभर उडत्या डासांची चाचणी आणि ७२ तासांपर्यंतची मोजणी लागते.

म्हणजे औषध मोजण्याच्या चाचणीने निकामी जाळी पास झाली, आणि कोन चाचणीवर विसंबलो असतो तर कामाची जाळी नापास झाली असती. साधन बदललं की त्याचं मोजमापही बदलावं लागतं, आणि ते काम साधन बाजारात येण्याआधी व्हावं लागतं.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. पापुआ न्यू गिनीतल्या डासांना प्रतिकारशक्ती आलेली नव्हती. त्यांना महागडं नवं औषध लागत नव्हतं. २०१२ सालची जुनीच मच्छरदाणी, त्याच दर्जाची, पुरली असती.

वेगळं काय करता आलं असतं

बदलाची सूचना. लेपाचं मिश्रण बदललं तर ते खरेदीदाराला लेखी कळवणं करारातच हवं होतं. 'औषध तेच आहे' हे उत्तर पुरेसं नाही. लेप हा औषधाचाच भाग मानायला हवा.

खेप उतरल्यावरची चाचणी. एका मच्छरदाणीची किंमत साधारण दोन डॉलर. लाखो नगांच्या खेपेतून काही नग काढून त्यांवर डास सोडण्याचा खर्च त्या खेपेपुढे किरकोळ आहे. २०१३ साली हे झालं असतं तर सहा वर्षं वाचली असती. निविदेत एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दर, पाहणाऱ्यांनी हा खर्च दरात धरूनच तुलना करावी, असं माझं कळकळीचं मत आहे. दर एवढे खाली दाबायचे आणि मग कारखान्याने काहीच बदलू नये अशी आशा करायची, हे जुळत नाही.

पैदास. देशात डासांची पैदास होती म्हणून हे प्रकरण उघडकीला आलं. आपल्याकडे पुदुच्चेरीच्या वेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरसारखी संस्था आहे, पण गडचिरोलीसारख्या जिल्ह्याला जवळ पडेल अशी, तिथल्याच क्युलिसिफेसीस आणि फ्लुव्हिआटिलिस डासांवर नियमित तपासणी करणारी सोय हवी. कीटक समाहारकाचं पद रिकामं ठेवलं की पगार वाचतो. सक्शन ट्यूब हातात धरणारा शेवटचा माणूस निवृत्त झाला की काय जातं, ते कुठल्याच अहवालात दिसत नाही.

नमुने जपणं. तिथल्या जुन्या मच्छरदाण्या योगायोगाने सापडल्या. आपण ते ठरवून करू शकतो, आणि त्याला शासन निर्णयाचीही गरज नाही. प्रत्येक लॉटमधल्या चार मच्छरदाण्या पिशवी न फोडता, लॉट क्रमांक आणि तारीख मार्करने लिहून, जिल्हा हिवताप कार्यालयाच्या कपाटात ठेवायच्या. कपाट उन्हापासून लांब. वाटपाच्या याद्या जिथे ठेवतो, त्याच्या खालचा कप्पा चालेल.